आधी खड्याचे माप, मग प्रॉन्गचे
संगणकावर आखलेल्या दागिन्यात खडा पक्का का बसतो आणि का पडतो

अंगठीतला खडा पडला की ग्राहक सराफाला बोल लावतो, सराफ जडणकाम करणाऱ्या कारागिराला, आणि कारागीर निमूटपणे नवा खडा बसवून देतो. पुष्कळदा दोष या तिघांचाही नसतो. तो त्याआधी कित्येक दिवस संगणकाच्या पडद्यावर घडलेला असतो, दशांश चिन्हानंतरच्या एखाद्या आकड्यात. आज बाजारातील हिऱ्याच्या बहुसंख्य अंगठ्या आणि कुड्या संगणकीय आरेखनातून येतात. त्यांत खडा धरून ठेवण्याचे काम धातूची चार किंवा सहा बारीक नखे करतात. सराफ्यात त्यांना आता प्रॉन्ग हाच शब्द रुळला आहे. या नखांची जाडी, उंची आणि परस्परांतील अंतर कसे ठरते, हे गोव्यातील सुवर्णकारांना जितके ठाऊक असायला हवे तितकेच घरातील जुना खडा नव्या दागिन्यात बसवू पाहणाऱ्या ग्राहकालाही.

हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते, आणि त्यासाठी तापीकाठच्या बऱ्हाणपूरसारखे दुसरे गाव नाही. आज मध्य प्रदेशात असलेले हे शहर जळगाव जिल्ह्यातील रावेरला लागून आहे आणि मराठीही तेथे बोलली जाते. फारुकी सुलतानांनी वसवलेले हे नगर अकबराने १६०१ च्या सुमारास घेतले आणि पुढे ते मोगलांच्या दख्खन सुभ्याचे मुख्य ठाणे झाले. अब्दुल रहीम खानखानाचा दरबार येथे भरत असे. मुमताज महलचा मृत्यू १६३१ मध्ये येथेच झाला. फ्रेंच जवाहिर तावेर्निये बऱ्हाणपुरातून गेला होता, तसाच तो गोव्यातही येऊन गेला होता. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजांनी हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखाली या शहराची पेठ लुटली, ती तेथील सावकारी आणि जडजवाहिराची कीर्ती ऐकूनच.

त्या काळच्या बऱ्हाणपुरात मिरवले जाणारे जडाव दागिने कुंदनाचे होते. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त हिंदुस्थानी सोनारांच्या या पद्धतीची मुद्दाम नोंद घेतली आहे: इतर देशांत रत्न धातूच्या घरात बसवतात, येथे मात्र अतिशुद्ध केलेल्या मऊ सोन्याने ते जखडतात. घर लाखेने भरायचे, चकचकीत वर्खावर खडा ठेवायचा आणि त्याच्या कडेने शुद्ध सोन्याची पट्टी दाबत दाबत न्यायची. शुद्ध सोने थंड असतानाही दाबाने एकजीव होते, म्हणून डाक किंवा झाळ लागत नाही. या पद्धतीत खडा वेडावाकडा असला तरी बिघडत नाही. सोने खड्याकडे जाते, त्याच्या प्रत्येक कंगोऱ्याला मिठी मारते. खड्याचे माप घ्यावेच लागत नाही. कारागिराचा अंगठा तेच काम करतो.

प्रॉन्गमध्ये हा क्रम उलटा होतो. अमेरिकेतील टिफनी कंपनीने १८८६ मध्ये सहा नखांची उघडी अंगठी बाजारात आणली. तिच्यात हिरा धातूपासून वर उचललेला होता आणि प्रकाश त्याच्यात सर्व बाजूंनी शिरत होता. नखे त्याआधीही होती, पण हिऱ्याच्या अंगठीचे आजचे रूप तेव्हापासून रुळले. आता तर धातू खड्याला भेटण्याआधीच ओतून तयार असतो. संगणकावर आकार आखला जातो, त्रिमितीय यंत्रावर राळेचा किंवा मेणाचा नमुना छापला जातो, त्याच्याभोवती साचा करून नमुना जाळून टाकतात आणि त्या पोकळीत सोने ओततात. खडा शेवटी येतो. त्याने तयार घरात बसायचे असते, आणि घर चुकले असेल तर बदलायला फारशी जागा उरलेली नसते. म्हणूनच माप हा येथे सर्व कामाचा पाया ठरतो.

पहिली गफलत कॅरेटवरून होते. कॅरेट हे वजन आहे, ०.२ ग्रॅम, ते माप नव्हे. चांगल्या प्रमाणात पैलू पाडलेला एक कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटर व्यासाचा असतो, अर्ध्या कॅरेटचा सुमारे ५.१ आणि पाव कॅरेटचा ४.१. मात्र त्याच प्रमाणात घडवलेला एक कॅरेटचा पाचू जवळपास ७ मिलिमीटर भरेल, कारण पाचू हिऱ्याहून हलका असतो. माणिक जड, म्हणून ते ६.२ च्या आसपास. झिर्कॉनियाचा कृत्रिम खडा तर फारच जड. तो साडेपाच मिलिमीटरमध्येच एक कॅरेट भरतो. ‘एक कॅरेटची अंगठी’ एवढ्याच निरोपावर आरेखन सुरू झाले आणि हिऱ्याऐवजी दुसरा खडा आला, तर घर चुकलेच म्हणून समजावे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. तो हिराच असतो, घनताही तीच.

हिऱ्याचे प्रमाणपत्र असले तरी त्यावरचा व्यास तेवढा पुरत नाही. खडा हातात घेऊन व्हर्नियरने किंवा मायक्रोमीटरने किमान तीन-चार दिशांनी व्यास मोजावा, कारण गोल म्हणवणारे हिरे थोडेफार लंबगोल असतातच. एकूण खोली मोजावी. गर्डल, म्हणजे खड्याची कंबर, सगळीकडे सारख्या जाडीची आहे का ते भिंगातून पाहावे. गर्डल एके ठिकाणी कागदासारखी पातळ असेल तर तेथे नख दाबणे म्हणजे हिऱ्याची कड उडवण्याला आमंत्रण. भेगा आणि डाग कोठे आहेत याची खूण करून ठेवावी, म्हणजे नख नेमके त्यावर येणार नाही. पाचूच्या बाबतीत हे विशेष जपावे लागते. त्याच्या पोटात बहुधा भेगा असतातच. छोट्या खड्यांचे पुडे चाळणीने निवडलेले असतात, पण एका चाळणीतूनही थोड्या कमी-अधिक मापाचे खडे निघतात. अनेक खड्यांच्या ओळी आखताना पुड्यातील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान खडा दोन्ही मोजलेले बरे.

ही मापे हाती आली की पडद्यावर त्याच मापाचा खडा ठेवावा आणि त्याच्याभोवती नखे आखावीत. राइनो, मॅट्रिक्स किंवा ज्वेलकॅडसारख्या प्रणालींत नखे आपोआप काढून देणारी साधने असतात. ती वेळ वाचवतात, पण त्यांत आधीपासून भरलेले आकडे हे कोणाच्या तरी कारखान्यातले असतात. आपल्या साच्याचे, आपल्या सोन्याचे आणि आपल्या पॉलिशवाल्याचे ते नसतात.

जाडीचा अंदाज साधारण असा चालतो. एक-दीड मिलिमीटरच्या बारीक हिऱ्याला तयार नख अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, तीन मिलिमीटरच्या खड्याला ०.७ ते ०.८, एक कॅरेटच्या हिऱ्याला चार नखे असतील तर १ ते १.२ आणि दोन कॅरेटच्या पुढे त्याहून जास्त. सहा नखे असतील तर प्रत्येक थोडे बारीक चालते. येथे ‘तयार’ हा शब्द महत्त्वाचा. हे माप पॉलिश होऊन दागिना डब्यात जातानाचे आहे, पडद्यावरचे नव्हे. फार बारीक नखांचा आणखी एक धोका असतो: अर्ध्या मिलिमीटरच्या खाली उतरले की ओतलेले सोने त्यांच्या टोकापर्यंत पोहोचेलच असे सांगता येत नाही. नख जेथे जाड पट्टीला मिळते, तेथे धातू शेवटी थिजतो आणि आत बारीक पोकळ्या राहतात. बाहेरून नख धडधाकट दिसते आणि मुळाशी तुटते.

आता खरा हिशेब. खडा नखाला नुसता टेकून राहत नाही; नखाच्या आतल्या बाजूला खाच पाडून त्यात गर्डल बसवली जाते. या खाचेसाठी नखाचा पाव ते एक तृतीयांश भाग काढावा, असा कारागिरांचा दंडक आहे. निम्म्याहून अधिक काढला तर नख मुळात कितीही जाड असो, खाचेपाशी ते तारेसारखे वाकते.

समजा ६.५ मिलिमीटरचा हिरा आहे. खड्याच्या केंद्रापासून कडेचे अंतर ३.२५. आरेखकाने एक मिलिमीटर जाडीचे नख घेतले आणि ते पाव मिलिमीटर खड्यात शिरलेले दाखवले. म्हणजे नखाची आतली बाजू केंद्रापासून ३ मिलिमीटरवर. पडद्यावर हे अगदी बरोबर आहे. पण सोने थिजताना आकसते, आणि राळेचा नमुनाही थोडा आकसतो. छापलेल्या नमुन्यावरून थेट ओतकाम केले तर एकूण आकसण सुमारे दोन टक्क्यांपर्यंत धरतात. रबरी साचा करून त्यातून मेणाचे नमुने काढून मग ओतायचे, तर रबराच्या जातीनुसार ती पाच टक्क्यांपर्यंत किंवा त्याहून वर जाते. पाच टक्के धरून पाहू. नखाची आतली बाजू ३ वरून २.८५ वर येते. हिरा मात्र आकसत नाही. त्याची कड ३.२५ वरच आहे. म्हणजे खाच आता ०.४० मिलिमीटर खोल पाडावी लागेल. तिकडे नख स्वतः आकसून ०.९५ झाले, आणि बाहेरून घासताना-चमकवताना त्यातले ०.१० गेले, उरले ०.८५. त्यातून ०.४० काढले की निम्मे नख संपले. कारागिराने काहीही चुकवलेले नसताना त्याच्या हाती सुरुवातीपासूनच अशक्त नख आलेले असते.

उपाय अवघड नाही, पण त्याचा क्रम पाळावा लागतो. आधी पॉलिशसाठी जाडी वाढवायची: एक मिलिमीटर तयार नख हवे तर बाहेरच्या बाजूने १.१० घ्यायचे. मग सर्व धातू एकत्र करून, खडा वगळून, आकसणीच्या प्रमाणात मोठा करायचा. दोन टक्क्यांना १.०२०४ पट, पाच टक्क्यांना १.०५२६ पट. पाच टक्क्यांच्या उदाहरणात नखाची आतली बाजू ३.१६ वर जाते आणि पडद्यावर हिरा नखांना जेमतेम टेकलेला दिसतो. नवखा आरेखक हे पाहून घाबरतो आणि नखे पुन्हा आत ओढतो. तेथेच सगळा हिशेब पाण्यात जातो.

आकसणीच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो, तो माणसांमधला. आरेखन एका गावी, छपाई दुसऱ्या गावी आणि ओतकाम तिसऱ्या गावी अशी कामाची विभागणी आता सर्वत्र झाली आहे. बऱ्हाणपूरसारख्या मध्यम शहरातला सराफ फाइल एखाद्या मोठ्या शहरातून करून घेऊ शकतो. गोव्यातील सराफाच्या बाबतीतही हे तितकेच शक्य आहे. अशा साखळीत आरेखकाने दोन टक्के वाढवलेले असतात आणि ओतकाम करणाराही आपल्या सवयीने आणखी दोन वाढवतो. किंवा दोघेही दुसऱ्याने वाढवले असेल असे समजून गप्प राहतात. पहिल्या प्रकारात अंगठी बोटात सैल होते आणि नखांमधून खडा हलतो. दुसऱ्यात वर सांगितलेले होते. फाइलच्या नावातच ‘आकसण धरली’ किंवा ‘धरली नाही’ असे लिहिण्याची सवय लावून घेतली, तर अर्धे तंटे मिटतील. ओतकाम करणाऱ्याकडून एक साधी चाचणीही करून घेता येते. नेमक्या दहा मिलिमीटरची पट्टी त्याच पद्धतीने ओतून मोजावी. ९.८ भरली तर आकसण दोन टक्के. एखाद्या तक्त्यावर विसंबण्यापेक्षा हा आकडा अधिक खरा असतो, कारण तो आपल्याच भट्टीचा असतो.

उंचीबद्दल थोडक्यात. गर्डलच्या वर हिऱ्याचा मुकुटाचा भाग व्यासाच्या साधारण १५ टक्के असतो, म्हणजे ६.५ च्या हिऱ्यात सुमारे एक मिलिमीटर. नखाचे टोक वरच्या सपाट पैलूपेक्षा थोडे उंच ठेवावे. जडणाऱ्याला ते वाकवून, कापून, गोल करायला धातू लागतो. कमी पडला तर तो भरून काढता येत नाही, जास्त असेल तर कापता येतो. खालच्या बाजूला हिऱ्याचा निमुळता भाग व्यासाच्या सुमारे ४३ टक्के खोल जातो, येथे २.८ मिलिमीटर. त्याच्या टोकाने बोटाला टोचू नये म्हणून बैठक तेवढी आणि थोडी अधिक उंच हवी. टोकदार आकाराच्या खड्यांना, म्हणजे पेअर, मार्क्विझ किंवा चौकोनी प्रिन्सेसला, टोकावर साधे नख न देता दोन बाजूंनी कवेत घेणारे इंग्रजी व्ही आकाराचे नख द्यावे. उघडी टोके पहिल्या धक्क्याला उडतात.

धातूचा प्रश्न आपल्याकडे भावनेचाही आहे. घरची मंडळी बावीस कॅरेटचाच आग्रह धरतात, आणि मंगळसूत्राला किंवा पाटल्यांना तो योग्यच आहे. पण बावीस कॅरेटचे सोने मऊ असते. त्याची बारीक नखे पदराच्या धाग्यात अडकली तरी उघडतात. प्रॉन्गच्या हिऱ्याच्या दागिन्याला अठरा किंवा चौदा कॅरेट घेण्यात सराफाची लबाडी नाही, शहाणपण आहे. बावीसच हवे असेल तर नखे जाड आणि आखूड घ्यावीत, किंवा खड्याभोवती पूर्ण कडे घालून कोंदण करावे. दागिना अठराचा असल्याची खात्री हॉलमार्कवरून करता येते. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक असल्याशिवाय सोन्याचे दागिने विकता येत नाहीत. कुंदन, पोलकी आणि जडाव दागिन्यांना मात्र या सक्तीतून वगळले आहे. त्यामुळे तेथे सोन्याचा कस विक्रेत्याकडून पावतीवर लिहून घेणेच हिताचे.

यातूनच जुन्या खड्यांचा प्रश्न समोर येतो, आणि माझ्या मते आज सर्वांत जास्त नुकसान येथे होते. बऱ्हाणपूरसारख्या जुन्या पेठांत काय आणि गोव्यातील जुन्या घरांत काय, आजीच्या जडाव दागिन्यातले खडे काढून त्यांची ‘हलकी’ आधुनिक अंगठी करण्याची मागणी वाढते आहे. पोलकी हिरे म्हणजे जवळजवळ न कापलेले, तळाशी सपाट हिरे. त्यांना निमुळता तळ नसतो. पडद्यावर आधुनिक गोल हिरा ठेवून आखलेल्या घरात ते टेकायलाच जागा नसते. कारागीर नखे आत वाकवतो, खडा डगमगतो, आणि दाब वाढवला की तडा जातो. एवढे करून खडा बसलाच, तरी ग्राहक निराश होतो. कुंदनात त्याच्यामागे वर्ख होता, प्रकाश परत येत होता. उघड्या अंगठीत तोच हिरा काचेच्या तुकड्यासारखा निस्तेज दिसतो. तावेर्नियेने फार पूर्वी लिहून ठेवले होते की हिंदी कारागीर खडा निर्दोष असेल तर वजन वाचवण्यासाठी त्याला जेमतेम चाकाला लावतात. त्या दृष्टीने घडवलेल्या खड्याला प्रॉन्गची अंगठी न मानवणे स्वाभाविक आहे. असा खडा आलाच तर त्याचा घाट त्रिमितीय स्कॅन करून किंवा मेणात ठसा घेऊन तोच पडद्यावर आणावा, तळाला सपाट पट्टीची बैठक द्यावी आणि बाजूंना रुंद नखे ठेवावीत. नाही तर तो दागिना आहे तसा उजळून घ्यावा. सराफाने असे सांगितले तर त्यावर रागावू नये.

दागिना हाती आल्यावर ग्राहकाने दहापट मोठे दाखवणारे भिंग मागावे आणि वरून व बाजूने पाहावे. प्रत्येक नख खड्याला खरोखर टेकलेले आहे का, खाच नखाच्या निम्म्याहून आत गेलेली दिसते का, एखाद्या नखाचे टोक इतरांपेक्षा पातळ झाले आहे का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. अंगठी कानाजवळ धरून बोटाने हलकेच टिचकी मारावी. बारीक टकटक ऐकू आली तर खडा हलतो आहे. रोज घालण्याच्या अंगठीची नखे वर्षातून एकदा दाखवून आणावीत. अठरा कॅरेटची नखेही कापडावर आणि भांड्यांवर घासून झिजतात, आणि झिजलेल्या नखाला टोक चढवून देणे हे हिरा नव्याने विकत घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.